रूळ रिकामे दिसतात, मग दर पाच मिनिटांनी शटल का नाही? ठाणे-वाशी मार्गाचा हिशोब

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की घणसोलीतल्या चार सोसायट्या मिळून रेल्वेला निवेदन देताय, सकाळी 8 ते 11 ठाणे ते कोपरखैरणे दर पाच मिनिटांनी शटल सोडा, कारण आत्ता कधी दोन गाड्या पाठोपाठ येतात आणि कधी पंधरा-सतरा मिनिटं काहीच येत नाही, आणि प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघितलं तर रूळ बराच वेळ मोकळेच पडलेले असतात. मग अडचण काय आहे, आणि निवेदनात नेमकं काय लिहावं?

माझी नोकरी गाड्यांच्या वेळापत्रकाच्या कामात गेली, आता निवृत्त आहे, राहायला ठाणे पूर्वेला कोपरीत, त्यामुळे हा मार्ग मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलाय. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा ते "रूळ मोकळे दिसतात" घेऊ, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मोकळे दिसतात हे खरंच आहे. घणसोली-रबाळेच्या मधे रुळावरून दर तीन मिनिटांनी गाडी जाऊ शकते, सिग्नल तेवढं झेपवतात, मेन लाइनवर तसंच चालतं. पण लोकलच्या मार्गाची ताकद मधल्या रुळावर ठरत नाही हो, ती ठरते टोकाला, गाडी जिथे येऊन थांबते आणि तोंड फिरवून परत निघते तिथे. आमच्या ऑफिसात नवीन पोरं यायची त्यांना मी सांगायचे, घरात कणिक परातभर मळलेली असू दे, लाटायला चार जणी बसू देत, पण तवे दोनच असतील तर पोळ्या दोन तव्यांच्याच हिशोबाने निघणार. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या गाड्यांना ते दोन तवे म्हणजे 9 आणि 10 नंबरचे प्लॅटफॉर्म.

आता तवा किती वेळ अडतो ते बघा. गाडी 9 नंबरला शिरली, माणसं उतरली, चढली, मोटरमन एका टोकाच्या केबिनमधून उतरून दुसऱ्या टोकाला गेला, गार्ड त्याच्या जागी आला (2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, तोंडात मात्र गार्डच बसलंय), ब्रेक तपासला, सिग्नल मिळाला, निघाली. बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटरच्या वर लांब असते, आणि सकाळी साडेआठला ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर गर्दीच्या उलट अडीचशे मीटर चालून बघा एकदा, चार मिनिटं कुठे गेली कळत नाही. म्हणून तोंड फिरवायला कागदावर सहा मिनिटं धरू. गाडी निघाल्यावर ती पुढचे सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा, ओलांडून जाईपर्यंत आणि पुढच्या गाडीसाठी रस्ता लागून ती आत येईपर्यंत अजून दोन-अडीच मिनिटं. म्हणजे एका गाडीमागे एक प्लॅटफॉर्म साडेआठ मिनिटं अडकला. दोन प्लॅटफॉर्म, म्हणून सव्वाचार मिनिटांना एक गाडी. आता तुम्ही म्हणाल झालं की मग, पाच मिनिटांत बसतंय! नाही बसत. हा हिशोब सगळं सेकंदाबरहुकूम चाललं तरचा आहे. शिवाय येणारी गाडी आणि जाणारी गाडी टोकाशी एकमेकींचा रस्ता कापतात, एक आत येत असेल तर कधीकधी दुसरीला थांबावंच लागतं. एक गाडी दोन मिनिटं उशिरा आली की मागची बाहेर सिग्नलला उभी, आणि मग तो उशीर दिवसभर लांबत जातो. त्यामुळे शहाणा माणूस सव्वाचारचे सहा करतो, तासाला दहा गाड्या. अगदीच ताणलं तर बारा, पण मग पावसाळ्यात तोंड दाखवायला जागा नाही.

आणि या दहा गाड्या काही फक्त वाशीच्या नसतात. वाशीच्या वेगळ्या, नेरुळ-पनवेलच्या वेगळ्या, तवे तेच दोन. या मार्गावर दिवसाला 262 फेऱ्या होतात दोन्ही बाजू मिळून, म्हणजे एका बाजूला 131, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत 19 तास धरले तर सरासरी पावणेनऊ मिनिटांना एक गाडी, आणि त्यात दुपारचा आणि रात्रीचा विरळ वेळही आला. तेव्हा गाड्या नाहीतच असं नाहीये. गाड्या आहेत, त्या एकसारख्या अंतराने येत नाहीत ही तक्रार आहे, आणि ही दोन दुखणी वेगळी आहेत, औषधं वेगळी आहेत.

आता तुमची कोपरखैरण्यापर्यंतची शटल. वरवर बघता छान वाटतं, की अर्ध्या रस्त्यातून परत फिरवा म्हणजे गाडी लवकर मोकळी होईल. पण मधल्या स्टेशनात गाडी फिरवायची तर तिला उभं करायला वेगळा तिसरा रूळ लागतो, दोन्हीकडून सांधे असलेला, म्हणजे मागून येणारी पनवेल तिला टाळून पुढे जाऊ शकेल. तो नसेल तर काय होतं, तुमची शटल चालत्या रुळावरच सहा मिनिटं तोंड फिरवत उभी, मागे पनवेल अडकलेली, आणि निघताना समोरून येणाऱ्या गाडीचा रूळ कापून जायचं म्हणजे तीही अडकलेली. एका शटलसाठी दोन गाड्यांचा खोळंबा. शिवाय ठाण्याचा तवा तर ती अडवतेच! ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, की शटल लहान असो की लांब, ठाण्याला तोंड फिरवायला तिला पनवेलच्या गाडीइतकाच वेळ लागतो. कोपरखैरण्याच्या एका शटलपायी पनवेलची एक गाडी जाणार असेल तर तुम्हाला काही मिळालं नाही, कारण पनवेलची गाडीसुद्धा घणसोलीला थांबतेच, तुमच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच, फक्त सीवूड्सवाले आणि खारघरवाले तुमच्या नावाने खडे फोडणार. शटल मागू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

मग गाड्या वाढवायला लागतं काय? रेक. रेक म्हणजे डब्यांचा अख्खा संच. याचा हिशोब शाळेतल्या गणितासारखा आहे, पण गंमत आहे त्यात. ठाणे-वाशी जायला अर्धा तास धरा, यायला अर्धा तास, दोन्ही टोकांना सहा-सहा मिनिटं, एकूण 72 मिनिटांनी तीच गाडी परत ठाण्याहून निघायला तयार. दर 12 मिनिटांनी वाशी सोडायची तर 72 भागिले 12, सहा रेक, बरोब्बर. आता पनवेल घ्या, 55 मिनिटं धरू, दोन वेळा 110, अधिक 12, म्हणजे 122. भागिले 12 केलं तर दहा पूर्णांक काहीतरी येतं, आणि रेक काही पूर्णांक काहीतरी मिळत नाही, अकरावा आणावा लागतो. दोन मिनिटांपायी अख्खी बारा डब्यांची गाडी! आमचं निम्मं आयुष्य या दोन मिनिटांत गेलं. कुठे थांब्यावरचे पाच सेकंद काढ, कुठे पनवेलला तोंड पाचच मिनिटांत फिरव, असं करत 122 चे 120 केले की एक रेक वाचला, तो दुसरीकडे लावता आला. लोकांना वाटतं वेळापत्रक म्हणजे कोणीतरी साहेबाने डोळे मिटून आकडे टाकलेत, त्यात 8:07 का आणि 8:10 का नाही याला कारण असतं, ते कारण बऱ्याचदा त्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला असतं इतकंच.

याच हिशोबात तुमची पाच मिनिटं टाकून बघा, वाशी दहा मिनिटांनी आणि पनवेल दहा मिनिटांनी, आलटून पालटून. वाशीला 72 भागिले 10, आठ रेक. पनवेलला 122 भागिले 10, तेरा. एकवीस झाले. सहा मिनिटांनी गाडी चालवली असती तर सहा आणि अकरा, सतरा, किंवा ती दोन मिनिटं काढली तर सोळाच. म्हणजे एक मिनिट कमी करायला चार-पाच रेक वाढले, वर दुरुस्तीत आणि राखीव ठेवायचे वेगळे, रात्री ते उभे करायला जागा वेगळी, त्यांना मोटरमन वेगळे. सानपाड्याची कारशेड काही रबराची नाहीये.

नवीन स्टेशनाचंही असंच असतं. दिघा गाव स्टेशन 12 जानेवारी 2024 ला सुरू झालं, इमारत तयार होऊन पडली होती आणि लोक वैतागले होते, मलाही आनंदच झाला. पण एक थांबा म्हणजे ब्रेक लागणार, गाडी उभी राहणार, पुन्हा वेग घेणार, एक-दीड मिनिट जातंच, जाता-येता तीन. 72 चे 75 झाले की सहा रेकमध्ये 12 मिनिटांची गाडी बसत नाही. मग एक तर सातवा रेक आणा नाहीतर टोकांना तोंड फिरवायची वेळ कापा. बहुतेक वेळा दुसरंच होतं, कारण ते फुकट असतं. म्हणजे तेव्हा फुकट वाटतं, त्याची किंमत नंतर उशिरांच्या रूपाने भरावी लागते.

बरं, आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येते. दोन गाड्या पाठोपाठ आणि मग मोठं भगदाड. समजा वीस मिनिटांत दोन गाड्या आहेत. दहा-दहा मिनिटांनी आल्या तर माणूस सरासरी पाच मिनिटं थांबतो. तीन आणि सतरा अशा आल्या तर? वीसातल्या सतरा मिनिटांत आलेली माणसं सरासरी साडेआठ मिनिटं थांबतात, तीन मिनिटांत आलेली दीड मिनिट. एकत्र काढलं तर साडेसातच्या आसपास येतं. गाड्या तेवढ्याच, रेक तेवढेच, मोटरमन तेवढेच, आणि थांबणं दीडपट. आणि गर्दीचं तर विचारूच नका, मिनिटाला वीस माणसं येत असतील तर सतरा मिनिटांच्या भगदाडानंतरच्या गाडीला 340 माणसं आणि तिच्यामागून तीन मिनिटांनी येणाऱ्या गाडीला 60. पहिलीत पाय ठेवायला जागा नाही, दुसरीत लोक पाय पसरून बसलेत. आणि गंमत अशी की पहिलीतली माणसं दारात अडकल्याने ती घणसोलीला वीस-पंचवीस सेकंदांच्या ऐवजी पाऊण मिनिट थांबते, कोपरखैरण्याला तेच, तुर्भ्याला तेच, आणखी मागे पडते, मागची रिकामी गाडी तिच्या शेपटीला येऊन चिकटते. एकदा बिघडलं की आपोआप जास्त बिघडतं असं हे आहे.

हे असं का होतं? अर्धं कारण कागदावरचंच असतं. वाशीचं वेळापत्रक वेगळं बसवलं, पनवेलचं वेगळं बसवलं, दोन्ही आपापल्या जागी ठीक दिसतात, पण ठाण्यापासून तुर्भ्यापर्यंत दोन्ही एकाच रुळावर आहेत आणि तिथल्या माणसाला दोन्ही चालतात, त्याच्यासाठी दोन्ही मिळून अंतर सारखं आहे का हे कोणी बघायचं? जुन्या काळी आम्ही मोठ्या कागदावर रेघा मारायचो, आडवी वेळ, उभी स्टेशनं, प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. त्या कागदावर असं भगदाड लांबून दिसायचं, पांढरा पट्टा. कॉम्प्युटरवर आकड्यांचे तक्ते आले आणि काम फार सोपं झालं, पण तो पांढरा पट्टा डोळ्यात खुपायचा बंद झाला असं मला वाटतं. असो, म्हाताऱ्या माणसाची कुरकुर समजा.

उरलेलं अर्धं कारण हार्बर. जुईनगर सोडून पुढे पनवेलची गाडी हार्बरच्या रुळांवर जाते, तिथे सीएसएमटी-पनवेलच्या गाड्या आधीच धावतायत, त्यांच्यात जिथे फट आहे तिथेच हिला शिरावं लागतं. त्या फटी काही बरोब्बर दहा-दहा मिनिटांनी नसतात. परत येतानाही तेच, कुर्ल्याला काही बिघडलं की हार्बर उशिरा, हार्बर उशिरा की नेरुळला ठाण्याची गाडी अडकली, आणि तुम्ही घणसोलीला उभे राहून ट्रान्स-हार्बरला शिव्या घालताय. तुर्भे-सानपाडा-जुईनगर हा जो त्रिकोण आहे ना, तो या सगळ्या शहराचा सांधा आहे, सांधा दुखला की हातपाय दोन्ही दुखतात. वाशीच्या गाड्या त्यामानाने सुखी, त्या लवकर सरळ करता येतात.

म्हणून माझ्या मते तुम्ही मागायचं ते हे, की सकाळी 8 ते 11 ठाण्याहून तुर्भ्याकडे आणि उलट, वाशी-नेरुळ-पनवेल सगळ्या मिळून दोन गाड्यांच्या मधे आठ मिनिटांपेक्षा जास्त अंतर कागदावर कुठेही नको. एवढंच. आठच का? कारण साधारण दहा मिनिटांच्या आत गाडी येते अशी खात्री असली की माणूस वेळापत्रक बघायचं सोडतो, घरातून निघतो आणि स्टेशनवर येतो. त्याच्यापुढे गेलं की तो ठरावीक गाडी पकडायला लागतो, आणि सगळेच ठरावीक गाडी पकडायला लागले की ती फुटते. कागदावर आठ ठेवलं तर प्रत्यक्षात दहाच्या आत बसायची आशा तरी. उलटं उदाहरण बघायचं तर उरणकडे बघा, खारकोपरपर्यंत 2018 च्या नोव्हेंबरात गाडी गेली, पुढे उरणपर्यंत 2024 च्या जानेवारीत, तेव्हा दिवसाला 40 फेऱ्या होत्या दोन्ही बाजू मिळून. तासाला जेमतेम एक. तिथला माणूस गाडी चुकली तर पुढची धरत नाही, सरळ रिक्षा नाहीतर बस बघतो, मग म्हणायचं प्रवासी कमी आहेत.

दुसरी मागणी, आणि ही बाहेरचे लोक सहसा करत नाहीत म्हणून वजन पडेल: ठाण्याला गर्दीच्या वेळी एक मोटरमन-गार्डची जोडी आधीच उभी ठेवा. गाडी आली की आलेला मोटरमन उतरतो, दुसरा मोटरमन दुसऱ्या टोकाला तयारच असतो, तो चढतो आणि गाडी निघते. आलेला आरामात चालत जाऊन पुढची गाडी घेतो. यात सहाची चार मिनिटं होतात. वरचा हिशोब पुन्हा करा, चार अधिक अडीच, साडेसहा, भागिले दोन, सव्वातीन, म्हणजे सहा मिनिटांची गाडी निवांत चालते आणि पाचचीही कल्पना करता येते. नवीन रूळ नाही, नवीन प्लॅटफॉर्म नाही, रेकही त्या दोन-दोन मिनिटांमुळे एखादा वाचतो. खर्च काय, तर काही जास्तीची माणसं. आणि तिथेच अडतं, मोटरमनच्या जागा रिकाम्या असतात, त्यांच्या ड्यूटीच्या तासांचे आणि विश्रांतीचे नियम कडक आहेत आणि असलेच पाहिजेत. पण लिहून तर द्या. कोणी मागितलंच नाही तर फाइलवर येत नाही.

मी नोकरीत असताना एका मार्गावर, कुठला ते जाऊ दे, अशीच दोन गाड्यांतली भगदाडं बुजवायला एक गाडी चार मिनिटं लवकर सोडायला लावली होती. कागदावर इतकं देखणं दिसत होतं की मी ते घरी नवऱ्याला दाखवलं. पहिल्याच आठवड्यात तक्रारींचा ढीग. झालं असं होतं की त्या गाडीला जंक्शनवर दुसऱ्या मार्गावरून येणारी माणसं चढायची, त्यांची गाडी यायची आणि पूल ओलांडून ती येईपर्यंत माझी देखणी गाडी तीस सेकंदांपूर्वी निघून गेलेली. त्यांना शेपूट दिसायचं रोज. मी पुलावरून चालायला किती वेळ लागतो हे धरलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन घड्याळ लावून तो जिना चढले-उतरले, माझ्यासारखीला साडेचार मिनिटं लागली, गुडघे तेव्हा बरे होते. पुढच्या दुरुस्तीत गाडी दोन मिनिटं उशिरा केली. तेव्हापासून कुठलीही गाडी हलवायच्या आधी मी जिना बघायला जायचे.

ठाण्यात तर हे दसपट आहे. ट्रान्स-हार्बरवर सकाळी चढणारी माणसं फक्त ठाण्याची नसतात, कल्याण, डोंबिवली, बदलापूरहून येऊन इथे बदलतात, ऐरोलीचं माइंडस्पेस आयटी पार्क, रबाळे-महापेची एमआयडीसी, तिकडे जाणारी. मेन लाइनची एक फास्ट आली की पुलावर एकदम लोंढा. म्हणजे माणसं मिनिटाला वीस अशी शिस्तीत येतच नाहीत, ढिगाने येतात, आणि ढीग 9-10 ला पोहोचायच्या आत गाडी निघाली की पुढच्या गाडीवर दोन ढीग. त्यामुळे ठाण्याहून निघायच्या वेळा ठरवताना मेन लाइनच्या गाड्यांच्या वेळा अधिक पुलावरची चार-पाच मिनिटं हे धरायलाच हवं. आणि जिने रुंद करायला हवेत. मे 2024 च्या शेवटी 63 तासांचा ब्लॉक घेऊन 5-6 नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद केला तेव्हा लोकांनी फार शिव्या दिल्या, पण मला विचाराल तर ठाण्यात अलीकडे झालेल्या सगळ्यात उपयोगी कामांपैकी ते एक आहे, गाडीची वेळ प्लॅटफॉर्मवर वाचते, रुळावर नाही.

एक चांगली गोष्टही सांगते, या मार्गावर सकाळी दोन्हीकडे माणसं असतात. सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीसारखं नाही, की जाताना लोंबकळत आणि परत येताना भुतं बसलीयेत. नवी मुंबईहून ठाण्याला येऊन मेन लाइन धरणारेही खूप आहेत. योजना करणाऱ्याच्या दृष्टीने हे सोनं आहे, रेकची परतीची फेरी वाया जात नाही, म्हणजे इथे जादा गाडी देणं रेल्वेला मेन लाइनपेक्षा परवडतं. हा मुद्दा निवेदनात जरूर घाला.

कळवा-ऐरोली उन्नत मार्गाबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. तो झाला तर कल्याणकडची माणसं ठाण्याला न उतरता थेट नवी मुंबईत जातील, पुलावरचा लोंढा कमी होईल आणि मुख्य म्हणजे त्या गाड्यांना ठाण्याचे दोन तवे लागणारच नाहीत. माझ्या मते या सगळ्यावरचं खरं मोठं औषध तेच आहे. दिघा स्टेशन मुळात त्याच प्रकल्पातलं. पण बाकीचं काम रुळालगतच्या घरांच्या पुनर्वसनात रखडलं, आणि तिथे राहणाऱ्यांची बाजूही समजून घ्या, ते कुठे जाणार. तेव्हा त्याचा पाठपुरावा वेगळा करा, या निवेदनात मिसळू नका, नाहीतर उत्तर येतं "प्रकल्प प्रगतिपथावर आहे" आणि तुमचं आठ मिनिटांचं म्हणणं त्याच्याखाली दबून जातं. तसंच एसी लोकलचंही. 2020 च्या जानेवारीत मध्य रेल्वेची पहिली एसी लोकल याच ठाणे-वाशी-पनवेल मार्गावर सोडली होती, मला आवडली होती, पण दारं बंद होईपर्यंत गाडी हलत नाही, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर जरा जास्त वेळ धरावा लागतो. बाकीच्या साध्या गाड्यांच्या मधे एकच एसी घातली की तिच्यापुढे अंतर वाढतं आणि मागे घटतं. सगळ्या एसी झाल्या तर ती भानगड राहत नाही. हाही वेगळा विषय.

आणि एक, स्टेशनबाहेरची रिक्षांची गर्दी, पार्किंग, आवारातले दिवे हे रेल्वेच्या निवेदनात घालू नका. नवी मुंबईतली स्टेशनं सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेने बांधली, या मार्गांचा खर्चच सिडको 67 टक्के आणि रेल्वे 33 टक्के असा वाटून घेतला गेला, म्हणून तर तिथल्या इमारती एवढ्या भव्य आहेत आणि ठाण्याला आपण अजून छत्री घेऊन उभे. आवाराचं पत्र सिडकोला वेगळं. एका पत्रात दोन खात्यांची कामं लिहिली की दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

आता पुरावा कसा गोळा करायचा. "प्रचंड गर्दी असते" असं लिहून काही होत नाही, गर्दी सगळीकडेच आहे, वाचणाऱ्याने सकाळपासून तशी दहा पत्रं वाचलेली असतात. पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार, सणाचा आठवडा टाळून, घणसोलीला दोन्ही प्लॅटफॉर्मवर एकेक माणूस बसवा 8 ते 11. वहीत चार रकाने: गाडी कुठली, कागदावरची वेळ, चाकं थांबली ती वेळ, चाकं हलली ती वेळ. सेकंदासकट, मोबाइलवरचं घड्याळ चालेल पण दोघांचं एकच. माणसं मोजायच्या फंदात पडू नका, ती मोजता येत नाहीत आणि भांडणं होतात. फार तर गाडीत चढता न आल्यामुळे मागे राहिलेली माणसं मोजा, ती मोजता येतात आणि तो आकडा फार बोलतो. यातून तीन गोष्टी निघतील, कागदावरचं भगदाड किती, प्रत्यक्षातलं किती, आणि गाडी तुमच्या स्टेशनला ठरल्यापेक्षा किती जास्त थांबते. कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं दोन्ही सारखंच मोठं असेल तर दोष वेळापत्रकाचा, ते दुरुस्त करायला सोपं. कागदावर सारखं आणि प्रत्यक्षात भगदाड असेल तर हार्बरचा उशीर किंवा ठाण्याचं तोंड फिरवणं, त्याला जोडी उभी ठेवायची मागणी लावा. कुठली मागणी वर लिहायची ते वहीच सांगेल.

रविवार अजिबात घेऊ नका, मेगाब्लॉक असतो. शनिवारीही आयटीवाले नसतात. पावसाळ्याचे पहिले दोन आठवडेही सोडा, तेव्हाच्या उशिरांना रेल्वेकडे उत्तर तयार असतं. निवेदन नवीन वेळापत्रक लागू झाल्यावर नाही, ते बनत असताना गेलं पाहिजे, म्हणजे निदान चार-सहा महिने आधी, आणि विभागीय पातळीवर प्रवाशांची सल्लागार समिती असते तिच्या सदस्याच्या हाती एक प्रत द्या, तिथे विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं.

वही भरून झाली की मला त्याचे फोटो पाठवा, मी त्याचा रेघांचा कागद करून देते, हाताने. ज्या पानावर वेळ खाडाखोड केलेली असेल ते पान तसंच ठेवा, नवीन लिहून काढू नका, खाडाखोड असलेल्या वहीवर लोकांचा जास्त विश्वास बसतो.